वाचक विचारतात : कुटचा वेढा, मराठा पलटणी आणि अंधुक डोळ्यांचा एक खासदार

गेल्या अंकात पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मोहिमेवर मी लिहिले होते. त्यात ऑब्रे हर्बर्ट या ब्रिटिश खासदाराचा उल्लेख जेमतेम एका परिच्छेदात आला होता. हा उमराव घराण्यातला माणूस फौजेत होता आणि १९१६ साली कुट इथे अडकलेल्या फौजेच्या सुटकेसाठी तुर्कांशी बोलायला गेला होता, एवढेच मी सांगितले होते. पण आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रे त्याच्याबद्दलचीच आहेत. मला त्याचा मनापासून आनंद झाला. कॉलेजात इतिहास शिकवताना अभ्यासक्रमात या माणसाला जागा नव्हती, आणि तरीही मी दरवर्षी एक तास त्याच्यासाठी काढून ठेवत असे. निवडक पत्रांना इथे उत्तरे देते.

हर्बर्ट यांना नीट दिसत नव्हते असे आपण लिहिले आहे. मग सैन्याने त्यांना घेतलेच कसे? की मोठ्या घरचे म्हणून नियम वाकवले?
— एक वाचक, नाशिक

सैन्याने त्यांना घेतले नव्हते, ते स्वतःच आत शिरले.

हर्बर्ट यांचा जन्म ३ एप्रिल १८८० चा, हॅम्पशरमधल्या हायक्लेअर किल्ल्यातला. वडील चौथे अर्ल ऑफ कार्नार्व्हन. ते मंत्री होते आणि आयर्लंडचे लॉर्ड लेफ्टनंटही. तुतनखामेनच्या थडग्याच्या उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन हे ऑब्रेंचे थोरले सावत्र भाऊ. ऑब्रेंचे डोळे लहानपणापासून अधू. तरीही ईटन झाले, ऑक्सफर्डला बेलिअल कॉलेजात इतिहासात पहिला वर्ग मिळाला, आणि रात्री कॉलेजांच्या छपरांवर चढण्याबद्दल त्यांची ख्यातीही झाली. पुढे टोकियो आणि कॉन्स्टँटिनोपलच्या वकिलातींत बिनपगारी उमेदवारी केली. तुर्की, अरबी, ग्रीक, अल्बानियन, फ्रेंच, इटालियन, जर्मन इतक्या भाषा त्यांना येत होत्या. १९११ च्या पोटनिवडणुकीत दक्षिण सॉमरसेटमधून ते हुजूर पक्षाचे खासदार झाले.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पुकारले गेले. अशा डोळ्यांच्या माणसाला कोण भरती करणार? त्यांनी शिंप्याकडून आयरिश गार्ड्सच्या अधिकाऱ्याचा हुबेहूब गणवेश शिवून घेतला. १२ ऑगस्टला पलटण लंडनच्या वेलिंग्टन बराकीतून स्टेशनकडे निघाली तेव्हा ते रस्त्यातच रांगेत मिसळले आणि तिच्याबरोबर फ्रान्सला जाणाऱ्या जहाजावर चढले. पलटणीतल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांनी काणाडोळा केला आणि त्यांना दुभाषा म्हणून ठेवून घेतले.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. होय, मोठ्या घरचे होते म्हणूनच हे जमले. एखाद्या गिरणी कामगाराने तसाच गणवेश शिवून तोच उद्योग केला असता तर तो सरळ कोठडीत गेला असता. हर्बर्ट यांच्याबद्दल मला कितीही जिव्हाळा असला तरी ही गोष्ट मी विसरत नाही, आणि पुढे कुटच्या उत्तरात ती पुन्हा येणार आहे. मात्र या सवलतीचा उपयोग त्यांनी मागे राहण्यासाठी केला नाही. तीन आठवड्यांत, १ सप्टेंबरला, व्हिलेर-कोतरेच्या जंगलातल्या चकमकीत त्यांना गोळी लागली. ते जर्मनांच्या हाती सापडले, आणि मार्नच्या लढाईनंतर जर्मन मागे हटले तेव्हा इस्पितळातूनच सुटले. त्या चकमकीत पलटणीचे कमांडिंग ऑफिसर कर्नल मॉरिस मारले गेले.

गॅलिपोलीत मृतदेह पुरण्यासाठी एक दिवस युद्ध थांबवले होते, असे वाचले. हे खरे का? त्यात हर्बर्ट काय करत होते?
— अकरावीतली एक विद्यार्थिनी, सोलापूर

खरे आहे. आणि तुझ्या वयात हा प्रश्न पडला याचे मला फार कौतुक वाटते.

एप्रिल १९१५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची फौज तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली. हर्बर्ट तिच्याबरोबर दुभाषा आणि हेर खात्याचे अधिकारी म्हणून होते. १९ मेच्या पहाटे सुमारे ४० हजार तुर्कांनी या फौजेवर हल्ला चढवला. त्यात तुर्कांचे जवळजवळ १० हजार लोक कामी आले किंवा जखमी झाले. मेलेल्यांची संख्या ३ हजारांच्या घरात होती. दोन्ही खंदकांमधले अंतर काही ठिकाणी अंगणाएवढेसुद्धा नव्हते, आणि त्या पट्ट्यात ही प्रेते मेच्या उन्हात पडून होती. जखमी होते त्यांचा आवाज हळूहळू बंद होत गेला. दोन्ही बाजूंच्या माणसांना तिथेच जेवायचे आणि तिथेच झोपायचे होते.

तहासाठी पहिल्यांदा शब्द कोणी टाकायचा, यावर दोन्हीकडचे सेनापती अडून बसले होते. आपण मागणी केली असे दिसायला कोणालाच नको होते. हर्बर्ट यांनी वरिष्ठांकडे धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला. बोलणी करायला एक तुर्की अधिकारी डोळे बांधून इकडे आणला गेला, आणि तो सुखरूप परत जाईपर्यंत हर्बर्ट ओलीस म्हणून तुर्कांकडे जाऊन बसले. २४ मेला सकाळी साडेसातपासून दुपारी साडेचारपर्यंत बंदुका बंद राहतील, असे ठरले.

त्या दिवसाची त्यांनी रोजनिशी ठेवली आहे. टेकडीवरच्या रानात ओव्याच्या जातीची सुगंधी झुडपे वाढलेली होती, आणि त्या घळींत हजारोंनी प्रेते. तुर्कांच्या रेड क्रेसंटच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या रेडक्रॉसच्या, माणसांनी नाकाशी धरायला औषधी कापूस वाटला. एक तुर्की कप्तान त्यांना म्हणाला की, हे पाहून मवाळ माणूस रानटी होईल आणि रानटी माणूस रडेल. दिवसभर हर्बर्ट दोन्ही रांगांच्या मधून फिरत होते. कोणी बंदूक गोळा करतो आहे अशी तक्रार आली की तिथे जायचे, हद्दीच्या खुणेवरून वाद झाला की तो मिटवायचा.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवटचा अर्धा तास. चार वाजायला आले तेव्हा काही तुर्की शिपाई हर्बर्ट यांच्याकडेच हुकूम मागायला आले. त्यांचे अधिकारी जवळ नव्हते आणि हा गोरा आपल्या भाषेत बोलतो, एवढे त्यांना पुरेसे होते. हर्बर्ट यांनी त्यांना त्यांच्या खंदकाकडे माघारी धाडले. उद्या तुम्ही मला गोळी घालणार, असे ते म्हणाले, तेव्हा शिपाई एकसुरात म्हणाले, अल्ला तसे न करो. त्यात अल्बानियन होते, ते हसले आणि आम्ही तुला कधीच मारणार नाही म्हणाले. ऑस्ट्रेलियन पुढे झाले, त्यांनी तुर्कांचा निरोप घेतला. तुर्कांनी त्यांच्याकडच्या पद्धतीने हसत जा, हसत परत या, असा आशीर्वाद दिला. थोड्याच वेळात गोळीबार पुन्हा सुरू झाला.

तुझ्या पुस्तकात गॅलिपोलीला दोन ओळी असतील. हा प्रसंग त्यात बसत नाही, पण परीक्षेपलीकडे लक्षात ठेव.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो. आमचे पणजोबा कुटच्या वेढ्यात होते आणि परत आले नाहीत, एवढेच घरात सांगतात. हर्बर्टसाहेब तिथे सुटकेसाठी गेले होते म्हणता, मग सुटका का झाली नाही?
— एक निवृत्त सुभेदार, खटाव तालुका

सुभेदारसाहेब, आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. सविस्तर लिहिते.

कुटमध्ये सापडलेली फौज म्हणजे सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात आपल्या तीन मराठा पलटणी होत्या : १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा. १०३ वी म्हणजे आजची जंगी पलटण, हे आपल्याला मी सांगायला नको. भरती देशावरच्या आणि कोकणातल्या मराठ्यांची, जोडीला दख्खनी मुसलमान. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे इथलीच पोरे ती. नोव्हेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड ही फौज घेऊन बगदादच्या तोंडाशी, तेसिफोनपर्यंत गेले. तिथे प्रचंड हानी झाली, म्हणून मागे फिरले आणि ३ डिसेंबरला तैग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कुट-अल-अमारा गावात थांबले. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पूर्ण केला. तो १४७ दिवस टिकला.

सोडवायला निघालेल्या फौजेने शेख साद, हाना, दुजैला, सन्नैयात अशा लढाया केल्या. आत अडकलेल्या १३ हजारांसाठी बाहेर सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. आत पीठ रोज कमी होत होते. घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली गेली, तरी बरेचजण मानेनात. गावी कळले तर सोयरीक जुळणार नाही, मुली कोणी देणार नाही, ही भीती त्यांनी बोलून दाखवल्याची नोंद आहे. आपल्या गावांना हे किती खरे वाटेल! स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. एप्रिलच्या मध्यानंतर नाइलाजाने बहुतेकांनी ते मांस तोंडात घातले. विमानातून पोती टाकली गेली, त्यांतली काही नदीत पडली. २४ एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची आगबोट २७० टन धान्य घेऊन निघाली, तीही तुर्कांच्या हाती सापडली. त्यानंतर काही उरले नाही.

मग लंडनच्या मान्यतेने लाच द्यायचे ठरले. फौज सोडा, आम्ही १० लाख पौंड देतो. त्याला नकार आला तेव्हा २० लाख. तुर्की सेनापती खलील पाशा हे तुर्कस्तानचे युद्धमंत्री एनव्हर पाशा यांचे चुलते होते. त्यांनी पैसे नाकारले आणि तुर्कांनी ही गोष्ट जगभर सांगितली. ब्रिटनची अब्रू यात जेवढी गेली तेवढी शरणागतीनेही गेली नसेल.

२९ एप्रिलला सकाळी टाउनशेंड यांनी तोफा फोडल्या आणि शरणागती पत्करली. त्याच दिवशी कर्नल बीच, हर्बर्ट आणि टी. ई. लॉरेन्स पांढरे निशाण घेऊन तुर्की खंदकांकडे गेले. अरबस्तानच्या लॉरेन्सचे नाव आपण ऐकले असेलच, तेच हे. त्यांना बराच वेळ ताटकळत ठेवले, मग डोळे बांधून खलील पाशांच्या तंबूत नेले. देण्यासारखे आता हातात काहीच राहिले नव्हते. बोलण्यात विषय निघाला, आपण कुठे भेटलो होतो बरे? ब्रिटिश वकिलातीतल्या नाचाच्या समारंभात. एकमेकांच्या मेजवान्यांना गेलेले दोघे कॉन्स्टँटिनोपलची आठवण काढत बसले आहेत, आणि दोन-तीन कोसांवर आपली माणसे धड उभी राहू शकत नाहीत, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

तरी हर्बर्ट मागत राहिले. आजारी आणि जखमी बदलून द्या. कुटच्या अरब रहिवाशांना शिक्षा करू नका, त्यांचा दोष नाही. पहिली विनंती काही प्रमाणात मान्य झाली, शेकडो आजारी शिपाई बदलून मिळाले. दुसरी झाली नाही, आणि गावातल्या कित्येकांना फाशी दिले गेले.

आता मी जे सांगते ते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. खलील पाशांनी त्या बैठकीत एक मागणी केली. कैद्यांना बगदादला न्यायला मला ब्रिटिश आगबोटी द्या, मी त्या परत करीन, नाहीतर या लोकांना चालत न्यावे लागेल आणि त्यांचे हाल होतील. ब्रिटिशांनी बोटी दिल्या नाहीत. नदीवर बोटी आधीच कमी होत्या आणि त्या आपल्याच फौजेला पुरत नाहीत, असे कारण होते. मोहिमेची सगळी तयारी हिंदुस्थान सरकारने जी निष्काळजीपणे केली होती, त्याचे हे फळ.

शुमरानच्या छावणीत उपाशी माणसांना दगडासारखी बिस्किटे मिळाली, ती खाऊन बरेच मेले. तिथून बगदाद सुमारे १६० किलोमीटर, चालत. पुढे समारापर्यंत रेल्वे, मग पुन्हा चाल. हिंदी कैद्यांना मुख्यतः रास-अल-ऐन इथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. गोऱ्या शिपायांपैकी सुमारे २,६०० पकडले गेले आणि १,७०० हून अधिक मेले. हिंदी शिपाई व नोकरचाकर मिळून सुमारे १० हजार होते, त्यांतले मेलेले आणि पत्ताच न लागलेले मिळून ३ हजारांच्या आसपास. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले, कैदेत असतानाच त्यांना सर पदवी मिळाली, आणि १९२० मध्ये तेही खासदार झाले. हे लिहिताना माझा हात आजही थरथरतो.

हर्बर्ट यांनी हे पोटात ठेवले नाही. मेसोपोटेमियातूनच त्यांनी हिंदुस्थानमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना तार करून कारभाराचे वाभाडे काढले. हिंदुस्थान सरकारने त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करा, अशी मागणी केली. ब्रिटिश आरमाराचे ॲडमिरल वेमिस त्यांच्या पाठीशी उभे राहिले म्हणून ते वाचले. मायदेशी गेल्यावर त्यांनी पार्लमेंटमध्ये हा विषय लावून धरला. चौकशी आयोग नेमला गेला, जून १९१७ मध्ये अहवाल आला, आणि जुलैमध्ये चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. हे सगळे एकट्या हर्बर्टमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण सत्ताधारी घराण्यातला माणूस आपल्याच सरकारविरुद्ध बोलायला उभा राहिला, आणि ते बोलणे आपल्या माणसांच्या बाजूचे होते.

आपण हर्बर्ट यांना फार डोक्यावर घेता. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचा सूत्रधार तलात पाशा याच्याशी ते १९२१ मध्ये गप्पा मारत बसले होते. हे आपण का लपवता?
— एक वाचक, पुणे

लपवलेले नाही, गेल्या वेळी विषय वेगळा होता. आपला मुद्दा मात्र रास्त आहे आणि त्याला बगल देणार नाही.

तलात युद्धकाळात तुर्कस्तानचे गृहमंत्री होते. १९१५ च्या आर्मेनियन संहाराची मुख्य जबाबदारी त्यांचीच. युद्धानंतर ते जर्मनीत लपून राहत होते. त्यांनी हर्बर्ट यांना पत्र लिहून भेट मागितली. हर्बर्ट यांनी स्कॉटलंड यार्डच्या बेझिल थॉमसन यांना विचारले, त्यांनी जा म्हटले, आणि २६ फेब्रुवारी १९२१ ला हाम या जर्मन गावी दोघे भेटले. तलात यांनी आपली बाजू मांडली, हात झटकले. तीन आठवड्यांच्या आतच, १५ मार्चला, बर्लिनच्या रस्त्यावर सोघोमोन तेहलिरियन या आर्मेनियन तरुणाने त्यांना गोळी घातली. जर्मन न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

शत्रूशी बोलायला जाण्यात गैर काही नाही. मला खटकते ते त्या भेटीबद्दल हर्बर्ट यांनी नंतर लिहिलेल्यातले मार्दव. तुर्की शिपायावर त्यांनी जो विश्वास टाकला तो गॅलिपोलीत सार्थ ठरला. तोच विश्वास त्यांनी तुर्की राज्यकर्त्यांच्या खात्यावर जमा करायला नको होता. तलात माणूस म्हणून मोहक होते, सभ्य बोलत होते. वाळवंटात हाकलून मारलेल्या लाखो आर्मेनियनांना त्याचा काय उपयोग? इथे हर्बर्ट कमी पडले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच सुमारास आयर्लंडमध्ये ब्रिटिश पोलिसांनी सूडापोटी गावे जाळली तेव्हा आपल्याच पक्षाच्या सरकारवर ते तुटून पडले होते. म्हणजे अन्याय दिसत नव्हता असे नाही. मैत्री आड आली.

हर्बर्ट यांना अल्बानियाचे राजेपद देऊ केले होते म्हणतात. असेच आपल्या रणजीसोबतच्या सी. बी. फ्राय या क्रिकेटपटूबद्दलही ऐकले आहे. दोन्ही खरे?
— एक क्रिकेटप्रेमी, दादर

फ्राय यांची गोष्ट मुख्यतः त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. राष्ट्रसंघात रणजितसिंहजींबरोबर ते जिनिव्हाला होते, एवढे पक्के.

हर्बर्ट यांचे तसे नाही. अल्बानियाने २८ नोव्हेंबर १९१२ ला व्लोरा इथे स्वातंत्र्य जाहीर केले. शेजारी देश लचके तोडायला टपलेले होते. हर्बर्ट त्या डोंगरांत फिरलेले होते, भाषा जाणत होते. त्यांनी लंडनमध्ये अल्बानियन समिती काढली, शिष्टमंडळे घरी ठेवून घेतली. इसा बोलेतिनी या कोसोवोच्या सरदाराबद्दल सांगतात की परराष्ट्र खात्यात शिरताना त्याच्याकडून पिस्तूल काढून घेतले. परराष्ट्रमंत्री ग्रे गमतीने म्हणाले, आता वर्तमानपत्रे लिहितील की इसाला लंडनमध्ये निःशस्त्र केले. इसाने कपड्यांतून दुसरे पिस्तूल काढले आणि म्हणाला, लंडनमध्येही नाही. युद्धापूर्वी आणि पुन्हा १९२० च्या सुमारास अल्बानियन नेत्यांनी हर्बर्टपुढे राजेपदाचा विषय काढला. पहिल्या वेळी गादीवर जर्मन राजपुत्र व्हीड बसले आणि सहा महिन्यांत देश सोडून गेले. हर्बर्ट यांचे खरे काम म्हणाल तर १७ डिसेंबर १९२० ला अल्बानियाला राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले त्यामागची खटपट. तिथे आजही त्यांचे नाव घेतात.

दात काढल्यामुळे त्यांचा मृत्यू झाला, हे एका ठिकाणी वाचले. मी स्वतः दंतवैद्य आहे, म्हणून विश्वास बसत नाही. की हाही तुतनखामेनचा शाप?
— एक डॉक्टर, कोल्हापूर

शाप नव्हे, त्या काळचे वैद्यकशास्त्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे मानत की दातांच्या मुळाशी लपलेला जंतुसंसर्ग शरीरात कुठेही रोग उत्पन्न करतो. सांधेदुखी, वेड, डोळ्यांचे विकार, सगळ्यांवर सरसकट दात उपटण्याचा उपाय चाले. १९२३ मध्ये हर्बर्ट यांची उरलीसुरली दृष्टी गेली. बेलिअलमधल्या एका मेजवानीत त्यांना हा उपाय सांगितला गेला. त्यांनी दात काढून घेतले, रक्तात विष पसरले, आणि २६ सप्टेंबरला लंडनमध्ये ते गेले. वय ४३. प्रतिजैविके तेव्हा नव्हती, हे आपण जाणताच. सावत्र भाऊ त्याच वर्षी ५ एप्रिलला कैरोत वारले होते, त्यामुळे शापवाल्यांनी या मृत्यूलाही आपल्या यादीत ओढले.

आमचे मूळ गाव दापोलीजवळ. खापरपणजोबा मेसोपोटेमियात गेले होते. पलटणीचा नंबरही माहीत नाही. शोध कुठून सुरू करू?
— एक वाचक, टोरांटो

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरून. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे, त्यावर ४० हजारांहून अधिक माणसांची नोंद होते. दगडावर मात्र हिंदी शिपायांची नावे कोरली नाहीत. अधिकाऱ्यांची कोरली, बाकीच्यांचे फक्त आकडे. या कमिशनने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव उघडपणे मान्य केला आहे. नावे नोंदवह्यांत आहेत आणि ती ऑनलाइन शोधता येतात.

शोधताना आडनावावर भिस्त ठेवू नका. तेव्हा बहुधा नुसते नाव आणि वडिलांचे नाव लिहीत, आणि इंग्रजी कारकून ऐकेल तसे लिही. जाधव, मोरे, शिंदे यांची स्पेलिंगे चार-चार तऱ्हांनी टाकून पाहा. पलटण माहीत नसेल तर १०३, १०५, ११०, ११४ आणि ११७ या मराठा पलटणी एकेक करून चाळा. काही नोंदींत गाव आणि तालुकाही दिलेला असतो. युद्धकैद्यांची रेडक्रॉसची कागदपत्रेही ऑनलाइन आहेत, तीही पाहा. माझ्या माहेरी, कराडच्या पलीकडच्या गावात, चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे : या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नावे नाहीत. अशा पाट्या सातारा-रत्नागिरीत बऱ्याच गावांत आहेत. आपल्या गावातली कोणाला तरी फोटो काढून पाठवायला सांगा, आणि जुन्या पेन्शनचे कागद, मेडल, पितळी बिल्ला असे घरात काही असेल तर बिल्ल्यावरचा आकडा आधी वाचा. मेडल असेल तर त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि पलटण कोरलेली असते. तो नंबर मला कळवा, पुढचे मी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहून विचारते.